८४ टाक्यांची टोपी आणि निमुळता मफलर: क्रोशाच्या एका संचाचा प्रकरण अभ्यास

क्रोशाने टोपी आणि मफलर विणणे हा छंद सोपा मानला जातो, आणि टाक्यांपुरते पाहिले तर तो समज चुकीचा नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब हे चार टाके (साखळी म्हणजे फासांची माळ, पुढचे तीन क्रमाने अधिक उंच) हाताला बसले की दोन्ही वस्तू विणता येतात. प्रस्तुत प्रकरणातील बाईंचे हे चारही टाके उत्तम होते. त्यांच्या कामात ओढलेला धागा नव्हता, सैल फास नव्हता, एक खांब उंच आणि शेजारचा बुटका असा प्रकारही नव्हता. तरीही त्यांना एकच टोपी सहा वेळा विणावी लागली आणि पूर्ण झालेला मफलर ९४ ओळी मागे उसवावा लागला. माझा या प्रकरणाशी संबंध चौथ्या टोपीनंतर आला, आणि पाचव्या टोपीची चूक माझी स्वतःची होती, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

विणणारी व्यक्ती आणि ठरलेले काम

या बाई हिशेब तपासनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांनी क्रोशाची पांघरुणे विणली. पांघरूण ही वस्तू मापाच्या बाबतीत फार उदार असते. ते चार बोटे मोठे झाले काय आणि लहान झाले काय, अंगावर घेणाऱ्याला कळत नाही, आणि त्यामुळे विणलेल्या कापडाचे माप घ्यावे लागते हे विणणाऱ्याला वर्षानुवर्षे न शिकताही चालून जाते. बाईंची अडचण समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी त्यांच्या टाक्यांच्या सफाईपेक्षा महत्त्वाची आहे.

भाच्यासाठी थंडीतली टोपी आणि त्याच रंगाचा मफलर असा संच त्यांनी ठरवला. भाच्याच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. लोकर मध्यम जाडीची आणि यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली घेतली, कारण भाचा ती हाताने धुणार नाही याची त्यांना खात्री होती. एकाच रंगक्रमाच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, १०० ग्रॅमच्या तीन लड्या त्यांनी आणल्या आणि लेबले जपून ठेवली. या बाबतीत त्यांच्याकडून काहीच चुकले नाही. सुई ५ मिलिमीटरची. टोपीसाठी त्यांच्या हाती एक इंग्रजी कृती होती. मफलरसाठी कृती नव्हतीच: २४ खांबांच्या सरळ ओळी, लांबी १६० सेंटिमीटर होईपर्यंत.

शंकू, झालर आणि घंटा

कृतीत वर्तुळात ६ ‘डबल क्रोशे’ घालून सुरुवात करावी आणि दर फेरीला ६ टाके वाढवावेत असे लिहिले होते. बाईंनी त्याप्रमाणे ६ खांब घातले, पुढच्या फेरीत १२ केले, मग १८. तिसऱ्या फेरीलाच काम वर उचलू लागले आणि पाचव्या फेरीअखेर हातात टोक असलेला शंकू आला. हात घट्ट पडत असावा असे समजून त्यांनी तो उसवला.

हात घट्ट नव्हता. इंग्रजी कृतींमध्ये टाक्यांची दोन नामकरणे चालतात, ब्रिटिश आणि अमेरिकन, आणि दोन्हींत तेच शब्द वेगवेगळ्या टाक्यांना वापरले जातात. अमेरिकन कृतीतील ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल क्रोशे’, म्हणजेच आपला मुका खांब. अमेरिकन ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, म्हणजेच आपला खांब. बाई टाके अमेरिकन नावांनी शिकल्या होत्या आणि कृती ब्रिटिश होती. मराठीत मुका खांब, अर्धा खांब आणि खांब ही नावे टाक्याच्या रूपावरूनच पडलेली असल्यामुळे हा घोळ होत नाही, आणि इंग्रजी कृती हाती घेतली की ती आधी आपल्या शब्दांत वहीत उतरवून घ्यावी, असे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगत आलो आहे. कृती कोणत्या पद्धतीची हे ओळखायला दोन खुणा पुरतात. ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला तर ती अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश कृतींत तो नसतोच. आणि काम उलटवताना १ साखळी सांगितली असेल तर टाका बहुधा मुका खांब, ३ साखळ्या सांगितल्या असतील तर खांब.

शंकू का झाला याचे गणित येथे सविस्तर मांडणे योग्य ठरेल, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच झाला. सपाट वर्तुळ विणताना प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, म्हणून घेर त्या उंचीच्या सुमारे ६.२८ पट वाढला पाहिजे. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो, त्यामुळे दर फेरीला ६ टाके वाढवले की काम सपाट बसते. खांबाची उंची रुंदीच्या पावणेदोन ते दोन पट असते, त्यामुळे त्याला दर फेरीला १२ टाके लागतात. अर्धा खांब या दोहोंच्या मध्ये असल्याने त्याला ८ ते १०. बाईंचा खांब ०.७७ सेंटिमीटर रुंद आणि १.४३ सेंटिमीटर उंच पडत होता. १.४३ ला ६.२८ ने गुणून ०.७७ ने भागले तर ११.७ येतात. त्यांना प्रत्येक फेरीत १२ टाके हवे होते आणि त्या ६ वाढवत होत्या, म्हणजे घेर लागत होता त्याच्या जेमतेम निम्मा मिळत होता. अशा कामाचा शंकू झाला नसता तरच नवल.

दुसऱ्या खेपेला त्यांनी कृती बाजूला ठेवली आणि जिथे काम ओढल्यासारखे वाटेल तिथे एका टाक्यात दोन खांब घालायचे असे ठरवले. नजरेने वाढ घालणाऱ्याचा हात हमखास सढळ पडतो, कारण सुई चालू असताना ताजी फेरी नेहमीच थोडी ओढलेली दिसते. सहाव्या फेरीपर्यंत कडेला झालर उठली. (ही झालर उगाच बदनाम आहे. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी ठरावीक प्रमाणात सतत टाके वाढवत क्रोशाने हायपरबोलिक प्रतलाचे, म्हणजे कडेकडे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाचे, नमुने विणले. कागदाचे नमुने हाताळताना फाटत; क्रोशाचे टिकाऊ ठरले. टोपीला मात्र ते प्रतल शोभत नाही.)

तिसऱ्या खेपेला बाईंनी स्वतःच १२ हा आकडा शोधला. वेगवेगळ्या वाढींच्या तीन छोट्या चकत्या विणून कोणती टेबलावर सपाट पडते ते त्यांनी पाहिले. ही पद्धत निर्दोष आहे, आणि कोणी न सांगता त्या तिथे पोचल्या याचे मला आजही कौतुक वाटते. पण वाढ कधी थांबवायची हा पुढचा प्रश्न त्यांनी पुन्हा नजरेवर सोडला. सहा फेऱ्यांनंतर ७२ टाक्यांची, साधारण १७ सेंटिमीटर व्यासाची चकती झाली. ती डोक्यावर ठेवली तर बशी ठेवल्यासारखी दिसली. म्हणून त्यांनी सातवी फेरी वाढवली, टाके ८४ केले आणि मग सरळ फेऱ्या घातल्या. टोपी कानांवरून खाली येऊन घंटेसारखी लोंबली.

टोपीचा माथा डोक्यावर ठेवून मापणे ही या छंदातील सर्वांत सार्वत्रिक चूक असावी. चकती सपाट असते, डोके गोल. चकतीचा व्यास डोक्याच्या रुंदीशी ताडून पाहिला की ती हमखास अपुरी वाटते. तुलना घेराची व्हायला हवी. टोपी डोक्यावर धरून राहावी म्हणून तिचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा अडीच ते पाच सेंटिमीटर कमी ठेवतात. ५७ सेंटिमीटरच्या डोक्याला ५३ सेंटिमीटरची टोपी धरली तर ५३ भागिले ३.१४, म्हणजे १६.९ सेंटिमीटर व्यासाची चकती पुरते. बाईंची ‘बशी’ जवळपास बरोबर होती. ८४ टाक्यांचा घेर मात्र ६४ सेंटिमीटरच्या वर गेला.

चौथ्या टोपीच्या वेळी त्यांनी टाके ८४च ठेवले आणि सुई ४ मिलिमीटरची घेतली. घेर ५६ सेंटिमीटरवर आला, म्हणजे आकड्यापुरता प्रश्न सुटल्यासारखा वाटला, पण टोपी टेबलावर ठेवली की तशीच ताठ उभी राहत होती. मी ती पाहिली तेव्हा तिच्यात बोट खुपसले तरी कापड दबत नव्हते. सुई लहान केल्याने टोपी लहान होते हे खरे, पण जाड धागा लहान फासांत कोंबल्यामुळे कापडाचा मऊपणा जातो, ताण घेण्याची शक्ती जाते, आणि लोकर उबेसाठी ज्या हवेवर अवलंबून असते त्या हवेलाही जागा कमी उरते. सुईचा नंबर कापड कसे हवे यावरून ठरवावा आणि माप टाक्यांच्या संख्येने जुळवावे. हा क्रम उलटा केला तर माप साधते आणि वस्तू फसते.

पाचवी टोपी

इथून पुढे सल्ला माझा होता. उसवून-उसवून दोऱ्याला आलेल्या वळ्यांमुळे माप फसू नये म्हणून मी त्यांना न वापरलेल्या लडीतून, ५ मिलिमीटरच्या सुईने, १५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा नमुना विणायला सांगितला. तुकड्याच्या कडा नेहमी ओढलेल्या किंवा फाकलेल्या असतात, म्हणून मोजणी मधल्या १० सेंटिमीटरमध्येच करायची. तिथे १३ खांब आणि ७ ओळी भरल्या. हिशेब असा: ५३ सेंटिमीटरला १३ गुणून १० ने भागले की ६९ टाके. पाच फेऱ्यांत ६०, आणि सहाव्या फेरीत १२ ऐवजी फक्त ९ वाढी, सारख्या अंतरावर पसरलेल्या. शेवटच्या फेरीत वाढी पूर्णच घातल्या पाहिजेत असा कोणताही नियम नाही, हे बाईंना नवे होते. १२च्या पाढ्यातच टोपी बसली पाहिजे असे त्या धरून चालल्या होत्या, आणि त्यामुळे त्यांच्यापुढे ७२ आणि ८४ यांच्यामध्ये काही नव्हतेच.

टोपी सुरेख झाली. डोक्याला बसली, कानांवर थांबली. भाच्याने ती दोन दिवस घातली आणि धुतली. त्यानंतर ती त्याच्या भुवयांवर घसरू लागली. मोजली तेव्हा घेर साडेसत्तावन्न सेंटिमीटर भरला, म्हणजे डोक्यापेक्षाही किंचित जास्त.

मी नमुना धुऊन घेतला नव्हता. साध्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून कापड आटते आणि घट्ट होते. यंत्रात धुण्यायोग्य लोकरीवर या खवल्यांचा बंदोबस्त केलेला असतो, म्हणजे ते झिजवलेले किंवा लेपाने झाकलेले असतात, त्यामुळे तंतू अडकत नाहीत. पण जे तंतू एकमेकांना धरत नाहीत ते ओले झाल्यावर एकमेकांवरून सरकतातही, आणि कापड आटण्याऐवजी पसरते. हे मला ठाऊक होते. मी ते अन्य लोकांना सांगितलेही होते. बाईंचे टाके इतके घट्ट बसलेले आणि एकसारखे दिसत होते की हे कापड पसरेल असे मला वाटले नाही. याहून चांगले कारण माझ्याकडे नाही.

मग तोच नमुना भाच्याच्या घरी ज्या पद्धतीने कपडे धुतले जातात त्याच पद्धतीने धुतला आणि आडवा पसरून वाळवला. आता १० सेंटिमीटरमध्ये १२ खांब आणि साडेसहा ओळी भरल्या. फरक एका टाक्याचा दिसतो. टोपीच्या पूर्ण घेरावर तो साडेचार सेंटिमीटरचा होतो, आणि टोपीची सगळी पकड तेवढ्याच अंतरात असते. नवा हिशेब: ५३ सेंटिमीटरला ६३.६, म्हणजे ६४ टाके. पाच फेऱ्यांत ६०, सहाव्यात केवळ ४ वाढी. टोपीची एकूण खोली २१ सेंटिमीटर धरली. त्यात ४ सेंटिमीटर काठाची पट्टी, उरलेल्या १७ सेंटिमीटरना ११ फेऱ्या, म्हणजे माथ्याच्या सहा फेऱ्यांनंतर पाच सरळ फेऱ्या. विणून काढल्यावर ही टोपी ४९ सेंटिमीटरची होती आणि भाच्याला ती कपाळावर आवळत होती. धुतल्यावर ५३ झाली.

काठाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. पहिल्या टोप्यांना बाईंनी काठ म्हणून मुक्या खांबाच्या तीन फेऱ्या घातल्या होत्या. असा काठ नीटस दिसतो पण ताणला जात नाही, आणि एकदा सैल पडला की परत आकसत नाही. सहाव्या टोपीला आम्ही आडवी पट्टी घेतली: ४ सेंटिमीटर उंचीची, मुक्या खांबांची, प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या माथ्यावरील दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात घातलेला. त्यामुळे ओळींच्या मोडी पडतात आणि पट्टी रबरासारखी ताणून परत येते. पट्टीची न ताणलेली लांबी टोपीच्या घेरापेक्षा साधारण दहावा हिस्सा कमी, म्हणजे ४८ सेंटिमीटर, ठेवली. ही सगळी मापे अर्थात धुतलेल्या कापडाची.

मफलर

टोपीच्या भानगडीत मफलर मागे पडला होता, आणि बाईंच्या मते तो पूर्ण झालेला होता. ११२ ओळी, लांबी १६० सेंटिमीटर. त्यांनी तो मला घडी घालून दाखवला. मी उलगडून दोन्ही टोके एकमेकांवर ठेवली. सुरुवातीची कड १६ सेंटिमीटर होती, जरा वर रुंदी साडेअठरा झाली होती, आणि शेवटच्या कडेला ती १३ सेंटिमीटर उरली होती. शेवटच्या ओळीत खांब मोजले तर १७. सुरुवात २४ नी झाली होती. ज्या व्यक्तीने हयातभर दुसऱ्यांच्या वह्यांतील एकेक आकडा ताडून पाहिला, तिने ११२ ओळींत एकदाही टाके मोजले नव्हते. मी हे बोलून दाखवले नाही. त्यांनी स्वतःच ते बोलून दाखवले.

टाके गळतात कुठे, हे समजून घ्यायचे तर ओळीचे टोक पाहावे लागते. खांबांची ओळ संपली की काम उलटवून ३ साखळ्या घालायच्या आणि त्या तिन्ही मिळून नव्या ओळीचा पहिला खांब मानायचा, अशी रूढ पद्धत आहे. तसे मानल्यावर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. नव्या ओळीतील पुढचा खांब पहिल्या टाक्यात न घालता दुसऱ्यात घालायचा, कारण पहिल्या टाक्यावर ती साखळीच उभी आहे. आणि परतीच्या ओळीचा शेवटचा खांब त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. पहिली गोष्ट विसरली तर एक टाका वाढतो, दुसरी विसरली तर एक कमी होतो. दुसरी अधिक वेळा विसरली जाते, कारण साखळीचा माथा खांबाच्या माथ्यासारखा ठसठशीत दिसत नाही. तो बाजूला कलतो, घट्ट असेल तर सुई त्यात शिरत नाही, आणि तिथे टाका नसून नुसती कड आहे असे वाटते.

मफलर उजेडासमोर धरून दोन्ही काठ तपासले. जिथे टाका सुटला तिथे काठात खाच होती, जिथे जास्त पडला तिथे गाठीसारखा उंचवटा. नऊ खाचा आणि दोन उंचवटे मिळाले. २४ वजा ९ अधिक २, म्हणजे १७. हिशेब जुळला तेव्हा बाईंचा चेहरा खुलला, जणू मफलर दुरुस्तच झाला. पहिली खाच १९व्या ओळीच्या शेवटी होती. त्याखालच्या १८ ओळींत २४ खांब बरोबर होते.

सुरुवातीची कड आखडण्याचे कारण निराळे. पायाची साखळी, म्हणजे जिच्यावर पहिली ओळ विणतात ती, बहुतेकांच्या हातून खांबांपेक्षा घट्ट पडते, आणि साखळीला खांबाइतकी लवचीकता नसल्यामुळे ती कड दोरी ओढल्यासारखी राहते. पायाच्या साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घेतली तरी हे टळते. साखळी वेगळी न घालता साखळी आणि पहिली ओळ एकत्रच विणत जाण्याचीही पद्धत आहे. ती शिकायला एक संध्याकाळ जाते आणि कड अधिक चांगली येते.

माझे मत मफलर पूर्ण उसवून नव्याने सुरू करावा असे होते. क्रोशाचे काम शेवटाकडून सुरुवातीकडे सहज उसवते, पण पायाच्या बाजूने ओढून ते सुटत नाही. त्यामुळे पहिल्या १८ ओळी ठेवायच्या असतील तर त्यांच्याखालची आखडलेली कडही ठेवावीच लागते. बाई त्याला तयार झाल्या नाहीत. “पहिल्या १८ ओळींचा ताळेबंद जुळतो ना? मग ते खाते खोडायचे कशाला?” असे त्यांनी विचारले. त्यावर माझ्याकडे कापडाच्या बाजूने उत्तर होते, पण त्यांनी आधीच टोपी पाच वेळा उसवली होती, आणि कुठे थांबायचे हे ठरवण्याचा हक्क विणणाऱ्याचा असतो.

९४ ओळी उसवल्या. सुटलेला दोरा बारीक वळ्यावळ्यांचा असतो. तो तसाच विणला तर टाके असमान दिसतात आणि माप खोटे येते. म्हणून त्याची सैल लडी करून चार ठिकाणी ढिली बांधली, कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवली, पिळल्याशिवाय निथळवली आणि टांगून वाळवली. वळ्या गेल्या. वाळलेली लडी ८९ ग्रॅम भरली. आता धुतलेल्या मापाने १६० सेंटिमीटरला १०४ ओळी लागणार होत्या, म्हणजे उरल्या ८६. दहा ओळींना ११ ग्रॅम लोकर लागते हे आधी तोलून पाहिलेले होते, म्हणजे गरज सुमारे ९५ ग्रॅमची होती. निमुळत्या मफलरात टाकेच कमी होते, त्यामुळे त्यातून निघालेली लोकर पूर्ण रुंदीला पुरणार नव्हती. सहा ग्रॅमची तूट त्याच रंगक्रमाच्या उरलेल्या लडीतून भरून निघाली. स्वयंपाकघरातला तराजू या छंदात सुईखालोखाल उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

काठासाठी दोन उपाय समोर होते. एक म्हणजे २ साखळ्या घालून त्या मोजायच्याच नाहीत, पहिल्या टाक्यातच पहिला खांब घालायचा आणि ओळीचा शेवट शेवटच्या खांबावर करायचा. यात चूक होण्याची जागाच उरत नाही, मात्र काठाला त्या न मोजलेल्या साखळ्यांचे लहान लहान उंचवटे दिसतात. दुसरा उपाय म्हणजे रूढ पद्धतच ठेवायची, पण प्रत्येक वेळी तिसऱ्या साखळीत रंगीत दोऱ्याची खूण अडकवायची, म्हणजे परत येताना माथा शोधावा लागत नाही. मी पहिला सुचवला. बाईंनी दुसरा निवडला, कारण खालच्या १८ ओळींचा काठ रूढ पद्धतीचा होता आणि मध्येच पद्धत बदललेली त्यांना दिसली असती. शिवाय दर दहाव्या ओळीला टाके मोजून वहीत आकडा लिहायचा असे त्यांनी ठरवले. ती वही मी पाहिली आहे. ओळ २८, टाके २४. ओळ ३८, टाके २४. ओळ ५८ समोर २३ लिहून खोडलेले आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘५२ पासून पुन्हा’ अशी नोंद आहे.

तिसऱ्या धुण्यानंतर टोपीचा घेर ५४ सेंटिमीटर आणि मफलरची लांबी १६३ सेंटिमीटर भरली. मफलर खुंटीवर टांगला जाऊ नये, घडी करून ठेवावा, असे भाच्याला सांगितले आहे, कारण अशी लोकर स्वतःच्याच वजनाने लांबत जाते. रुंदी आता २० सेंटिमीटर आहे, फक्त सुरुवातीची कड १७ वर अडली आहे. ओला करून, टाचण्या लावून ती ताणून पाहिली. वाळल्यावर ती पुन्हा आत आली. भाचा ते टोक आतल्या वेढ्यात घेतो.